शिवलेली पॅन्ट, रेडिमेड शर्ट: नाशिकमध्ये क्लायंटकडे जाताना काय घालावं

नाशिकमध्ये सेल्सचं काम करणाऱ्याचा दिवस एका खोलीत जात नाही. सकाळी सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात परचेस मॅनेजर, दुपारी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचा निर्यातदार, संध्याकाळी गंगापूर रोडवर आर्किटेक्टचं ऑफिस. मधला प्रवास बहुतेकांचा दुचाकीवरून. हे सगळं झेपेल अशा कपड्यांसाठी बाजारात तीन वाटा आहेत: सगळं रेडिमेड, सगळं शिवलेलं किंवा ब्लेझरचा सेट. आमचं मत स्पष्ट आहे. पॅन्ट शिवून घ्या, शर्ट रेडिमेड घ्या, आणि ब्लेझरचे पैसे बुटांवर घाला.

पॅन्ट शिवायची ती दुचाकीमुळे. रेडिमेड पॅन्ट उभ्याने छान बसते, पण गाडीवर बसलं की आसनात ताण येतो आणि पहिली शिवण तिथेच उसवते. शिंप्याला माप देताना खुर्चीवर बसूनही एकदा टेप लावायला सांगा. आसनाला दुहेरी शिलाई, मागच्या शिवणीत किमान दीड इंच दाब (आत सोडलेलं जादा कापड), खालच्या दुमडीत दोन इंच जादा कापड, पुढच्या बाजूला गुडघ्याखालपर्यंत अस्तर आणि कमरपट्टीच्या आत रबरी ग्रिपर, एवढं पावतीवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं लग्नसराईच्या गर्दीत हमखास विसरलं जातं. अस्तर नसेल तर दुपारपर्यंत गुडघ्याला फुगा येतो. ग्रिपर नसेल तर गाडीवरून उतरल्यावर शर्ट बाहेर आलेला असतो, आणि तो गेटवरच्या वॉचमनसमोर खोचावा लागतो.

कापड पॉलिस्टर-व्हिस्कोसचं, 65-35 च्या आसपासच्या मिश्रणाचं घ्या. 58 इंची पन्ह्यात साधारण सव्वा मीटर लागतं. उंची किंवा पोट जास्त असेल तर दीड मीटर घ्या. शुद्ध कॉटनची पॅन्ट मीटिंगसाठी घेऊ नका, सातपूरहून सिन्नरला पोहोचेपर्यंत तिला मांडीवर आडव्या सुरकुत्या पडतात. मेन रोडच्या दुकानांत ट्यूबलाइटखाली गडद निळा आणि काळा सारखेच दिसतात, म्हणून तागा दारापाशी उजेडात नेऊन बघा. रंग करडा, मध्यम ते गडद. काळ्या पॅन्टवर पावसाळ्यात उडालेला चिखल वाळून पांढरट ठिपके उठतात, बेज रंगावर तर ते लपतच नाहीत. पॉलिस्टरची एक खोड मात्र आहे. गरम इस्त्री थेट फिरवली की शिवणींवर आणि बसायच्या जागी चमक येते, आणि आलेली चमक सहसा जात नाही. इस्त्रीवाल्याला उलट्या बाजूने किंवा वर ओलसर कापड ठेवून इस्त्री करायला सांगा. ज्यांना फाउंड्री किंवा वेल्डिंगच्या शॉपमध्ये उभं राहावं लागतं, त्यांनी त्या दिवशी जाड कॉटनचीच पॅन्ट घालावी. ठिणगी पडली की पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

शर्ट मात्र रेडिमेडच बरा. चांगल्या कंपन्यांची कॉलर मशीनवर फ्यूज होते, म्हणजे आतलं अस्तर उष्णतेने कापडाला चिकटवतात, आणि तेवढी साफ कॉलर साधा शिंपी क्वचितच देतो. घेताना कॉलरचे दोन पदर चिमटीत धरून ओढा. आत्ताच सुटे लागले तर काही धुण्यांत बुडबुडे येणार. शिवणीत इंचाला 14 ते 16 टाके हवेत. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यावी आणि बंद कॉलरमध्ये दोन बोटं सहज जावीत. मग खुर्चीवर बसा. पोटावरच्या बटणांमध्ये फट पडत असेल तर एक साइज मोठा घेऊन बाजू आत घेऊन घ्या.

‘नॉन-आयर्न’ शर्टाबद्दल दुकानदार फार बोलतात. इस्त्री वाचते हे खरं, पण सुरकुती थांबवणारं रेझिन धाग्याला ठिसूळ करतं, म्हणून कॉलर आणि कफाच्या घडीवर कापड आधी विरतं. घामही कमी शोषला जातो, आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते जाणवतं. 60-40 कॉटन-पॉलिस्टर हा चांगला मध्यम मार्ग आहे. पांढरा किंवा फिका निळा शर्ट असेल तर आत पांढरी बनियन नको, तिची कड वरून दिसते. फिकी करडी दिसत नाही.

ब्लेझर लागतो तो हॉटेलातल्या कॉन्फरन्सला किंवा संचालक मंडळासमोर. द्राक्षवाल्यांच्या पॅकहाउसमध्ये तो परका वाटतो, आणि एका नगाची किंमत 2500 रुपयांच्या वर गेली की 5 ऐवजी 18 टक्के जीएसटी. टाय तर फिरत्या मशीनजवळ धोक्याचीच.

स्त्रियांसाठी गुडघ्याखाली जाणारा सरळ कुर्ता, बाजूला बेताच्या चिरा, खिसा असलेली पॅन्ट आणि ओढणीऐवजी कोटी. ओढणी स्कूटरच्या चाकात आणि मशीनमध्ये, दोन्हीकडे अडकते. खळ केलेली सुती साडी सकाळी देखणी दिसते, पण स्कूटरवर दुपारपर्यंत तिच्या निऱ्या कोलमडतात. ती गंगापूर रोडच्या एकाच मीटिंगच्या दिवशी नेसावी. येवल्याची पैठणी सणासमारंभाला ठेवा.

बूट बंद चामड्याचे, सोल रबरी आणि खाचांचा. गुळगुळीत चामडी सोल कारखान्यातल्या तेलकट फरशीवर घसरतो. सेफ्टी शूज गेटवर मिळतातच असं नाही, आणि मिळाले तरी तुमच्या मापाचे असतील याची खात्री नाही. अंबड-सातपूरला नेहमी जाणाऱ्यांनी साध्या काळ्या बुटांसारखे दिसणारे, स्टीलच्या टोकाचे स्वतःचेच घ्यावेत. गाडीवर गिअर बदलताना डाव्या बुटाच्या वरच्या बाजूला काळा चट्टा पडतो, म्हणून डिकीत पॉलिशची छोटी डबी आणि फडकं असू द्या.