फॅन्सी ड्रेसचं दुकान, राजवाड्याजवळ: कोट मिळाला, मंत्री नाही

नातीच्या शाळेत फॅन्सी ड्रेस होता, विषय ‘राज्यकर्त्या स्त्रिया’. सून म्हणाली, आई, तुम्हीच ठरवा. चौतीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलेली मी, अहिल्याबाई सोडून इरेन जोलिओ-क्युरी ठरवली. मारी क्युरींची थोरली लेक. १९३५ चं रसायनशास्त्राचं नोबेल नवरा-बायकोला मिळून मिळालं आणि १९३६ च्या जूनमध्ये बाई फ्रान्सच्या सरकारात वैज्ञानिक संशोधनाच्या उपमंत्री झाल्या.

आता दुकान. राजवाड्याकडून आत वळलं की बोळात, पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद. माझ्यासारख्या गुडघेवाल्यांनी खालूनच हाक मारावी, पोरगा कपडे खाली आणून दाखवतो, कुरकुर न करता. माल भरपूर. झाशीची राणी तर सहा मापांत. पण ‘मंत्री’ म्हटल्यावर खादीची साडी आणि काळा चष्मा खाली आला, ‘शास्त्रज्ञ’ म्हटल्यावर पांढरा कोट आणि आइन्स्टाइनचा पिंजारलेला टोप. मग मालक स्वतःच उतरले. “माताजी, एक बोलो. साइंटिस्ट बनाना है कि मंत्री?” मी म्हटलं, “दोनों, भैया. एक ही बाई है.” ते हसले. त्यांना तरी काय बोलणार? फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४ मध्ये. म्हणजे १९३६ च्या त्या सरकारात तीन बायका होत्या, आणि मत एकीलाही नव्हतं!

शेवटी कोट घेतला. काही महिन्यांतच पद सोडून बाई पुन्हा संशोधनाला लागल्या, तेव्हा कोटच बरोबर, अशी मनाची समजूत घातली. भाडं दिवसाचं १५० रुपये, डिपॉझिट ५००. कोट धुतलेला होता, पण इस्त्री नाही आणि खिशावर पिवळा डाग. “लैब का है, दाग तो चलेगा.” मला नाही हसू आलं. इरेनबाईंनी आयुष्यभर किरणोत्सारी, म्हणजे आपोआप किरणं टाकणारी, द्रव्यं हाताळली आणि १९५६ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. बटणं मात्र सगळी जागेवर. बाह्या लांब होत्या, तर दुकानातल्या शिलाईवाल्या ताईंनी पाच मिनिटांत कच्चे टाके घालून दिले, वर पैसे घेतले नाहीत. या दुकानात जायचं तर त्या ताईंसाठी जावं.

हातात द्यायला प्लास्टिकच्या परीक्षानळ्या दाखवल्या, आत हिरवं पाणी. नको म्हटलं. घरून पोळ्या गुंडाळायचा फॉइल पेपर दिला. १९३४ च्या जानेवारीत इरेनबाई आणि त्यांच्या नवऱ्याने अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पोलोनियम या किरणोत्सारी मूलद्रव्यातून निघणाऱ्या अल्फा कणांचा मारा केला. पोलोनियम बाजूला केलं तरी पत्रा किरणं टाकतच राहिला, कारण त्यात किरणोत्सारी फॉस्फरस तयार झाला होता. नातीने हे सगळं पाठ केलं, स्टेजवर ‘किरणोत्सारी’ला अडखळली आणि घाबरून फॉइल चुरगाळला. बक्षीस झाशीच्या राणीला गेलं. चारांपैकी तिसरीला.

डिपॉझिट परत मिळालं, ५० रुपये कापून. कॉलरला पावडर लागली म्हणे. पिवळ्या डागाचं काय, विचारलं तर “वो तो पहले से था.” घेतानाच कोटाचा फोटो काढून ठेवा. आणि पावतीही वाचून घ्या. आमच्या पावतीवर लिहिलं होतं, ‘डॉक्टर, साइज २८’.