सरासरीच्या पलीकडचे वाचन : ‘स्टोरीग्राफ’ या सेवेचा परिचय

एकाच कादंबरीला एक वाचक पाच तारे देतो, दुसरा एक तारा देतो, आणि दोघांनीही ती शेवटच्या पानापर्यंत मन लावून वाचलेली असते. दोघांच्या मतांची सरासरी काढली की तीन तारे उरतात, म्हणजे दोघांपैकी कोणालाही जे वाटलेले नाही तेच त्या कादंबरीच्या नावाखाली झळकते. नादिया ओडुनायो यांनी २०१९ मध्ये सुरू केलेली ‘स्टोरीग्राफ’ ही वाचननोंदींची ऑनलाइन सेवा मी नियमितपणे वापरतो, आणि वाचकांमधील मतभेद पुसून न टाकता ते नीट दाखवण्याचा तिचा प्रयत्न मला मोलाचा वाटतो.

तारे येथेही आहेत; ते पाव ताऱ्याच्या टप्प्याने देता येतात, पण ती सुधारणा किरकोळ म्हणावी लागेल. खरा फरक ताऱ्यांखेरीज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत आहे. पुस्तक वाचून झाल्यावर त्याची भाववृत्ती कोणती वाटली, ते उदास होते की आशादायी, गूढ होते की चिंतनशील, असे विचारले जाते आणि एकाहून अधिक पर्याय निवडता येतात. पुढे वेग संथ, मध्यम की जलद, कथानक कथेला ओढून नेते की पात्रे, पात्रे लोभस वाटली का, त्यांचा विकास ठळकपणे झाला का, असे प्रश्न येतात. पात्रांविषयीच्या प्रश्नांना ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘सरळ उत्तर नाही’ अशा अर्थाचाही पर्याय आहे, आणि चांगल्या कादंबऱ्यांच्या बाबतीत तोच मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. मग ही सगळी उत्तरे पुस्तकाच्या पानावर टक्केवारीने मांडली जातात. एखाद्या पुस्तकाला बऱ्याच वाचकांनी ‘उदास’ म्हटले आहे आणि जवळपास तितक्याच वाचकांनी ‘आशादायी’, असे दिसले की ते पुस्तक हाती घ्यावेसे वाटते, कारण तेथे वाचकाला स्वतःची वाट काढायला जागा असणार हे उघड असते.

वाचकांमधील अशा फरकाकडे पाहण्याच्या दोन भूमिका समीक्षेत फार पूर्वीपासून आहेत. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांना वाचायला दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय मागवले. एकाच कवितेविषयी टोकाची परस्परविरोधी मते आली, आणि १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विवेचनात त्यांनी ठरीव प्रतिक्रिया, भावविवशता, कवितेशी संबंध नसलेल्या खासगी आठवणी असे वाचनातले अडथळे दाखवून दिले. अमेरिकन साहित्याभ्यासक लुईझ रोझेनब्लाट यांनी १९३८ पासून वेगळी मांडणी केली : अर्थ केवळ संहितेत नसतो आणि केवळ वाचकातही नसतो, तो त्या दोघांच्या भेटीत घडतो. आपल्या परंपरेत रसास्वादासाठी सहृदय रसिक लागतो हे संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्तांनी मांडलेलेच आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ही मांडणी परकी वाटू नये. स्टोरीग्राफची रचना दुसऱ्या भूमिकेच्या बाजूने झुकलेली आहे, आणि तसे असणेच मला योग्य वाटते. मात्र रिचर्ड्स यांचा इशारा निकालात निघालेला नाही. निष्काळजी वाचनाची टक्केवारीही त्याच आकड्यांत मिसळलेली असते.

या सेवेतील सर्वांत उत्तम सोय म्हणजे जोडीने किंवा छोट्या गटाने केलेले वाचन. यात वाचक एखाद्या ठिकाणी टिपण लिहितो आणि सोबतचा वाचक त्या ठिकाणाच्या पुढे गेल्याशिवाय ते टिपण त्याच्यासाठी उघडत नाही. एका स्नेह्यांबरोबर मी अशी एक कादंबरी वाचली. तीत एक वडील अनेक वर्षांनी मुलीच्या दारापर्यंत येतात, पायपुसण्यावर बूट पुसतात, आणि घंटा न वाजवताच परत फिरतात. मी लिहिले होते की हा माणूस अखेरपर्यंत निष्ठुरच राहिला, कारण खिडकीत दिवा जळत असल्याचे त्याने पाहिले होते. स्नेह्यांचे टिपण उघडले तर त्यांचा सगळा भर त्या बूट पुसण्यावर होता : ज्याला आत जायचेच नाही तो बूट कशाला पुसेल, त्याला शरमेने मागे खेचले. दिवाही मजकुरात होता आणि बूटही होते. एकमेकांचे मत कळण्याआधीच दोन्ही वाचने लिहून झालेली असल्यामुळे त्यांतील फरक अस्सल होता. समोरासमोरच्या चर्चेत जो आधी आणि ठासून बोलतो त्याच्याकडे इतरांची मते नकळत झुकतात. येथे तसे होत नाही, आणि वाद घालायचा तर तो पुराव्यानिशी, त्या पानावर बोट ठेवून घालावा लागतो.

आशयाविषयीच्या पूर्वसूचनांची सोयही आहे. हिंसा, मृत्यू यांसारखे विषय पुस्तकात किती तीव्रतेने येतात हे वाचकच नोंदवतात. ज्यांना त्यांची गरज आहे त्यांच्यासाठी त्या उपयुक्त आहेत.

उणीव आहे ती प्रश्नावलीच्या रोखात. तिचे जवळपास सारे प्रश्न पुस्तकाविषयी आहेत. ते आपण कशासाठी वाचले, हे ती विचारत नाही. माहिती मिळवून बाजूला ठेवण्यासाठी केलेले वाचन आणि वाचतानाचा अनुभव जगण्यासाठी केलेले वाचन यांत रोझेनब्लाट यांनी भेद केला होता. एखादे चरित्र परीक्षेसाठी वाचणारा त्याला ‘संथ’ म्हणतो, आणि त्या व्यक्तीच्या सहवासासाठी वाचणारा त्याच संथपणात रमतो. टक्केवारीत मात्र दोघांची उत्तरे एकाच तक्त्यात जातात. वाचनाचा हेतू विचारणारा एखादा प्रश्न वाढवला, तर आज नुसते मतभेद दाखवणारे हे आकडे त्यांची कारणेही दाखवू लागतील. तोपर्यंत आकडे पाहून झाले की वाचकांनी लिहिलेले सविस्तर अभिप्राय उघडावेत, आणि त्यातही आपल्या मताच्या अगदी उलट असलेले आधी वाचावेत. जोडीने वाचण्यासाठी सोबती निवडतानासुद्धा आपल्याशी सहज सहमत होणाऱ्यापेक्षा नेहमी वाद घालणारा निवडावा, अशी माझी शिफारस आहे.