आयर्लंडमधले पूर्वज शोधताना: दस्तनोंदणी की जमीनदाराचं दप्तर?

१९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं अभिलेखागार जळालं, १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद गेले. म्हणून जमिनीच्या कागदांना एवढं मोल.

रजिस्ट्री ऑफ डीड्स, म्हणजे दस्तनोंदणी कचेरी, १७०८ पासूनची, आणि शाबूत. तिथे मूळ खत नव्हे, त्याचा गोषवारा मिळतो. खरा खजिना म्हणजे तीन आयुष्यांचे भाडेपट्टे. नावं घातलेल्या तिघांपैकी शेवटचा जिवंत असेपर्यंत पट्टा चाले, आणि कूळ अनेकदा आपल्या लहान मुलांची नावं घाली, कधी वयासकट. एका ओळीत दोन पिढ्या! पण सूची जमीन देणाऱ्याच्या नावाने आणि ठिकाणानुसार. घेणाऱ्याच्या नावाने नाही. शिवाय १७७८ पर्यंत कॅथलिकांना ३१ वर्षांहून लांब पट्टा मिळत नसे. गरीब कूळ इथे क्वचितच भेटतं.

ते भेटतं जमीनदाराच्या खंडवसुलीच्या वह्यांत. त्या विखुरलेल्या, काही डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, काही बेलफास्टला. पूर्वज साधा शेतकरी असेल तर मी इथूनच सुरुवात करेन. जमीनदार कोण, हे ग्रिफिथच्या मूल्यांकनात (करासाठी केलेली देशभरच्या जमिनी-घरांची मोजदाद, १८४७-६४) कुळाच्या नावाशेजारीच छापलेलं असतं.