पिकअपचा एअर फिल्टर: कागदी घ्यावा की धुण्याचा?

मूळ फिल्टर संपला की दुकानदार दोन डबे पुढे करतो. एक बाजारातला कागदी, दुसरा तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा. मी एकाच गाडीवर दोन्ही चालवले आहेत, तेही पांदण रस्त्यांच्या फुफाट्यात.

ओढ वाढेल म्हणून जाळीचा घेणार असाल तर जरा थांबा. एक किलो डिझेल जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिन एरवीही त्याहून जास्तच हवा घेतं. डिझेल तेवढंच राहिलं तर नुसती हवा वाढवून फार काही मिळत नाही. भरल्या गाडीत मला टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, आवाज मोकळा वाटला, ओढीत फरक जाणवला नाही. तुंबलेल्या कागदीनंतर बसवला तर जाणवेलच, पण तसा तो नवा कागदी बसवला तरी जाणवतो.

पैशाच्या हिशोबात जाळीचा पुढे आहे, हे मान्य. एकदाच महाग पडतो, मग वर्षानुवर्षं चालतो. नागपूर-अमरावतीसारख्या डांबरी रस्त्यावरच ज्याची भाडी असतात, त्याने तो खुशाल घ्यावा.

माझं मन फिरलं ते सोयाबीनच्या सोंगणीत. हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, चालू असला की कुटार वावरभर उडतं आणि तेलकट जाळीला चिकटून बसतं. झटकून ते निघत नाही, धुवावंच लागतं. क्लीनर मारा, आतल्या बाजूने पाणी सोडा आणि मग वाळायची वाट बघा. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, कापूस विरतो. त्या दिवसांत रात्री दव पडतं, सकाळी हात लावला तर घड्या ओल्याच. वाळल्यावर पुन्हा तेल. कमी पडलं तर धूळ आत जाते, जास्त झालं तर ते पुढे हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसायची भीती. इकडे कुणाची तरी गंजी वावरात असते, आभाळ भरून आलेलं असतं, फोनवर फोन येतात आणि गाडी फिल्टरपायी दारात उभी! हे मला सोसवलं नाही.

कागदीचं काम क्लिपा काढून नवा टाकला की संपतं. नाजूक मात्र तोही आहे. टायरवर आपटू नका. हवा मारायचीच तर आतून बाहेर, दाब ३० पीएसआयच्या आत. पंक्चरवाल्याकडचा पूर्ण दाब कागद फाडतो. अंधारात आत टॉर्च धरून बघा, टाचणीएवढा उजेड दिसला तरी फेकून द्या. पावसाळ्यात डब्यात पाणी शिरलं तर घड्या चिकटतात, तेव्हाही बदलाच. घेताना किमतीआधी कडेचं रबर दाबून बघा. ते कडक असेल तर कागद कितीही चांगला असो, धूळ बाजूने जाते.

महिनाभराने फिल्टरच्या पुढचा होस काढून आत बोट फिरवा. जाळीचा असताना माझ्या बोटाला मैद्यासारखी बारीक राखाडी धूळ लागायची. तेल लावणाऱ्या हाताचाही त्यात भाग असेल. चांगल्या रबराच्या कागदीत बोट बहुतेक कोरडं आणि स्वच्छ निघतं. टर्बोची पाती त्याच होसच्या टोकाला आहेत, म्हणून मला याचं मोल जास्त वाटतं.

तुमचे रस्ते आमच्यासारखे असतील तर जाळीच्या एकाच्या पैशात चांगले कागदी घेऊन ठेवा आणि त्यातला एक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सीटमागे टाका.