‘स्टँड बाय’ की ‘स्टँड अप फॉर’?

कुणी कुणाच्या पाठीशी उभं राहिलं की आपल्याकडची पोरं इंग्रजीत ‘सपोर्ट’ लिहून मोकळी होतात. चूक नाही, पण माणूस नेमकं काय वागला ते त्यात हरवतं.

परभणीच्या मोंढ्यात आडत्यानं एका हमालाची मजुरी कापली. शेजारच्यानं पाठीवरचं पोतं खाली टेकवलं आणि चार लोकांत सुनावलं, “त्याचे पैसे देऊन टाका.” इथं ‘ही स्टूड अप फॉर हिम’. समोर कुणीतरी आहे, वाद आहे, तोंड उघडावं लागतं. आणि तो आडत्याला नडला, यासाठी ‘स्टूड अप टू’.

‘स्टँड बाय’ला समोर कुणी लागत नाही. बीडकडं दिवाळीच्या सुमारास नवरा-बायको ऊसतोडीला जातात, घरी म्हातारी राहते. शेजारीण हंगाम संपेपर्यंत तिला भाकरी-कालवण पोचवते, दुखलं-खुपलं बघते, गोळ्या संपल्या की आणून देते. ‘शी स्टूड बाय हर’. अडचणीत साथ न सोडणं, तेही महिनोन् महिने. मला हेच जास्त अवघड वाटतं, आणि याचं कौतुक कुणी करत नाही.

लिहिताना मात्र जपा. ‘हर’ गाळलं आणि नुसतं ‘शी स्टूड बाय’ राहिलं, तर अर्थ पार फिरतो: डोळ्यांदेखत वाईट घडत होतं आणि ती नुसती बघत राहिली. ‘बायस्टँडर’ म्हणजे बघ्या, तो इथलाच. ‘स्टँड अप फॉर’मध्ये हा धोका नाही.