दारं, छत आणि डिकीला डॅम्पिंग शीट: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

रोज सातारा ते शिरवळ जाऊन-येऊन असतो. गाडी तीन सिलिंडरची, १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक. दिवाळीच्या सुट्टीत चारही दारं, छत आणि डिकीच्या पत्र्याला ब्युटाइलच्या (एक चिकट रबर) डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर जिरवणारे चिकट पत्रे, लावून घेतल्या. मधे अख्खा उन्हाळा गेला, आता पावसाळाही सरत आलाय, तेव्हा मत द्यायला हरकत नाही. पैसे वसूल झाले. मात्र या शीटनं गाडीतला सगळा आवाज जातो असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

गॅरेजमध्ये दाराचा पॅड काढला तेव्हा आत नुसता उघडा पत्रा होता. बोटानं टिचकी मारली की टणणण आवाज यायचा आणि घुमत राहायचा. त्याच जागी २ मिलिमीटरची शीट चिकटवून रोलरनं दाबली आणि पुन्हा टिचकी मारली, तर नुसतं ठप. पत्रा थरथरायला लागला की वरची अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि पत्रा यांच्यामध्ये ब्युटाइल ताणलं-ओढलं जातं आणि थरथरीची ऊर्जा तिथंच उष्णतेत जिरते. त्यामुळे सगळं दार मढवायची गरज नसते, मोठ्या सपाट पत्र्याचा मधला पंचवीस-तीस टक्के भाग झाकला तरी बराच फरक पडतो. फॉइलवरची उठावाची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवायला लावा. यात कारागीर घाई करतात, समोर उभं राहणं बरं.

फरक सगळ्यात जास्त छताला जाणवला. जुलैच्या पावसात पूर्वी शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागायचं, आता थेंबांचा आवाज खूप बसका येतो. दार लावताना डबा आपटल्यासारखं वाजायचं, ते गेलं. खंबाटकीच्या बोगद्यात काचा बंद असल्या की ट्रकची घरघर आधीइतकी अंगावर येत नाही. मोबाइलच्या अ‍ॅपवर त्याच रस्त्याला, ८० च्या वेगाला दोन-तीन डेसिबल कमी दिसतात. आकडा किरकोळ वाटेल, पण ३ डेसिबल उतरले म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी झाली. कानाला मात्र आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. माझ्यासाठी खरा फायदा हा की पत्र्याचा कर्कशपणा गेला आणि घरी पोचल्यावर डोकं जड नसतं.

आता शीटच्या हाताबाहेरच्या गोष्टी. सिग्नलला एसी चालू असताना सीटपर्यंत येणारी थरथर तशीच राहिली. तीन सिलिंडरच्या इंजिनात दर २४० अंशांना एक स्फोट होतो, म्हणजे ८०० आरपीएमला सेकंदाला २०. इतक्या संथ हादऱ्याला पत्र्यावरची शीट काही करू शकत नाही, तो अडवायचं काम इंजिन माउंटिंगच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या आधाराच्या, रबराचं. माझ्या एका माउंटिंगचं रबर चिरलेलं निघालं. ते बदललं आणि थरथर लगेच निम्म्यावर आली.

९० च्या पुढे स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करा. १५ इंची चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला, तर ९० ला ते सेकंदाला बारा-तेरा फेरे मारतं आणि रिमवरचं थोडंसं असमान वजनही प्रत्येक फेऱ्याला हिसका देतं. पुढच्या चाकाचा दोष स्टेअरिंगमध्ये जाणवतो, मागच्याचा सीटखाली. फक्त ब्रेक मारल्यावरच स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क तपासा. वेगाबरोबर वाढणारी घुंSSS, आणि ती वळणावर कमी-जास्त होत असेल, तर व्हील बेअरिंग. स्टेअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट वाजलं तर बहुधा एक्सलचा जॉइंट, स्पीडब्रेकरवर खट्ट वाजलं तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बुश (रबरी गादी). बेअरिंग आणि ब्रेक तर जिवाशी निगडित, तिथला आवाज म्हणजे इशाराच. तो दाबायच्या मागे लागू नका, आधी दुरुस्ती करा आणि मग शीट लावा.

सिमेंटच्या रस्त्यावर टायरची गाज अजून येते. ती बरीचशी चाकांच्या कमानींतून आणि फ्लोअरमधून शिरते आणि तिथं मी काम केलेलं नाही.

दारांचं काम करून घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. दाराच्या तळाशी पाणी निघायला भोकं असतात, ती शीटखाली गेली तर काचेवरून उतरलेलं पावसाचं पाणी आत साचतं आणि पत्रा गंजतो. पॅडमागचा प्लास्टिकचा कागदही होता तसा परत लावून घ्या. स्वस्तातल्या डांबरी शीट घेऊ नका, उन्हात त्यांचा वास येतो आणि छतावरून त्या सुटतात. माझ्या ब्युटाइलच्या शीट मे महिन्यात दिवसभर उन्हात उभ्या गाडीतही जागच्या हलल्या नाहीत.

उरलेले दोन तुकडे घरच्या स्टीलच्या सिंकला खालून लावले. आधी तळ स्पिरिटनं पुसून कोरडा केला. आता सकाळी नळ सोडला की होणारा ढणढणाट बंद झालाय, आणि घरात या खर्चाबद्दलची तक्रारही.