मुक्काम की प्रवास: सी अँड ओ कालव्याकाठचे दोन पर्याय

वॉशिंग्टन परिसरात राहणाऱ्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी मला एकाच हिवाळ्यात एकच प्रश्न विचारला. निवृत्तीनंतरचा पहिला उन्हाळा कॅम्पग्राउंड होस्ट, म्हणजे उद्यानातल्या तंबूतळाची काळजी घेणारा स्वयंसेवक, म्हणून एका ठिकाणी राहून काढावा, की चेसापीक अँड ओहायो कालवा, ज्याला इकडे सगळे सी अँड ओ म्हणतात, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहावा? दोन्ही बेतांत तंबू, झाडी आणि नदीकाठ असल्यामुळे ते सारखे वाटतात. प्रत्यक्षात पहिला बेत म्हणजे नोकरी आहे, बिनपगारी असली तरी, आणि दुसरा प्रवास.

कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खडकवासल्याच्या कालव्यासारखे शेतीचे पाणी येते. हा कालवा मात्र सिंचनासाठी नव्हे, तर नावांसाठी खोदलेला आहे. पोटोमॅक नदीच्या काठाने वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपासून मेरीलँड राज्यातल्या कंबरलँडपर्यंत तो १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर जातो, आणि तेवढ्या अंतरात १८४ मीटरची चढण ७४ लॉकच्या पायऱ्यांनी चढतो. नाव दगडी हौदात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, वरचे पाणी आत सोडायचे आणि नाव वरच्या पातळीला आली की पुढचे दरवाजे उघडायचे, अशी ही रीत. नावा ओढायला खेचरे होती आणि त्यांच्या पायवाटेला टो-पाथ म्हणत. आज त्याच वाटेने लोक चालतात आणि सायकली चालवतात. ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी पहिली कुदळ मारली, आणि त्याच दिवशी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचाही पाया घातला गेला. रेल्वे १८४२ साली कंबरलँडला पोचली, कालवा १८५० साली. तरीही कोळसा वाहत तो १९२४ च्या पुरापर्यंत तग धरून राहिला.

आता होस्टच्या कामाकडे येऊ. अमेरिकेच्या सार्वजनिक उद्यानांत होस्टला साधारणपणे आपली आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, उभी करायला फुकट जागा मिळते, बऱ्याच ठिकाणी वीज-पाण्याची जोडणीही मिळते, आणि त्या बदल्यात आठवड्याचे ठरावीक तास काम करावे लागते. काम काय, तर आलेल्यांचे स्वागत करणे, नियम सांगणे, शौचालयात कागद आहे की नाही ते पाहणे आणि काही बिघडले की रेंजरला, म्हणजे उद्यानाच्या अधिकाऱ्याला, कळवणे. दंड करण्याचा अधिकार होस्टला नसतो. रात्री अकरा वाजता गाणी लावून बसलेल्या टोळक्याकडे जाऊन नम्रपणे बोलावे लागते आणि त्यांनी ऐकले नाही तर फोन करून वाट पाहावी लागते. रविवारी दुपारी सगळे निघून गेले की शेकोटीच्या लोखंडी कड्यांमधली ओली राख फावड्याने उपसायची, त्यात वितळलेल्या प्लॅस्टिकच्या चकत्या आणि बाटल्यांची झाकणे सापडतात. ज्यांना हे चित्र वाचूनच कंटाळा आला, त्यांनी अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

होस्ट झाल्यावर कालवा आपोआप पाहून होईल, हा दोन्ही कुटुंबांचा समज मला दूर करावा लागला. शनिवार-रविवारी, म्हणजे मुले-नातवंडे भेटायला मोकळी असतात त्याच दिवशी, होस्टला जागा सोडता येत नाही. मिळते ते वेगळेच असते: एकाच मैलभर वाटेवरची सकाळ रोज पाहण्याची संधी. जुन्या लॉक-रक्षकाचे आयुष्य असेच होते. राहायला घर, भाजीपाल्यापुरती जमीन, थोडा पगार आणि नावेचा भोंगा वाजला की रात्री-अपरात्री उठून दरवाजे उघडणे.

प्रवाशाला याच्या उलट मिळते. सायकलने पाच-सहा दिवसांत सगळी वाट पार होते. वाटेत ठरावीक अंतरावर पायी व सायकलने येणाऱ्यांसाठी विनाशुल्क तळ आहेत, तिथे एकेक रात्र राहता येते. त्यांच्या हातपंपाच्या पाण्याला आयोडीनचा वास येतो, आणि हिवाळ्यात पंपांचे दांडे काढून ठेवतात, म्हणून बेत उन्हाळ्याच्या आगेमागेच करावा. कालव्याला मोनोकसी नदीवरून नेणारा सात कमानींचा जलसेतू पाहण्यासारखा आहेच, पण एकच जागा निवडायची तर मी पॉ पॉ बोगदा निवडीन. ९५० मीटर लांबीच्या या बोगद्यात विजेरीशिवाय पाऊल टाकवत नाही. कठड्याच्या लाकडावर बोट फिरवले की नावांच्या दोरांनी वर्षानुवर्षे घासून पाडलेल्या खाचा लागतात. ही वाट आज चालता येते, याचे बरेच श्रेय सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांना जाते. कालव्याच्या जागी मोटाररस्ता करण्याचा बेत होता, तेव्हा त्यांनी १९५४ साली ही सारी वाट पायी चालून त्याला विरोध केला. १९७१ मध्ये हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले.

खर्चाचा हिशेब थोडक्यात सांगतो. आरव्ही आधीच दारात उभी असेल, तरच होस्टगिरी स्वस्त पडते. केवळ त्यासाठी ती विकत घेणे शहाणपणाचे नाही. भारतातून पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांना पहिला पर्याय सुचवण्याआधी व्हिसाचे नियम उद्यानाकडून तपासून घ्यावेत, पाहायला जाण्यात मात्र अशी अडचण नाही. गुडघे कुरकुरत असतील तर अख्ख्या वाटेचा हट्ट सोडून पोटोमॅकच्या ग्रेट फॉल्स धबधब्यांपाशी एक दिवस घालवावा.

त्या दोन कुटुंबांपैकी ज्यांना माणसांशी बोलायला आवडते, त्यांना मी अर्ज करायला सांगितले. दुसऱ्यांना मात्र कालवाच पाहायचा होता, म्हणून त्यांना सायकलींबरोबर एक रात्र जुन्या लॉक-रक्षकाच्या घरात काढायला सुचवले, कारण यांतली काही घरे मुक्कामासाठी भाड्याने मिळतात. सहाव्या क्रमांकाच्या घरात वीज आणि पाणी दोन्ही आहे, बाविसाव्यात दोन्ही नाही. त्यांनी बाविसावे घेतले.